तळाशी चाळीस लिटर

प्लांटमध्ये तिला सगळे थांबामॅडम म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण प्लांटमध्ये पाठीमागचं तोंडावर यायला असा कितीसा वेळ लागतो? आठ दिवसांत तिच्या कानावर आलंच. मग बाईनं काय करावं? आपल्या हेल्मेटवर मागच्या बाजूला जाड मार्करनं लिहून टाकलं, ‘थांबा’. झालं! चिडवणाऱ्यांच्या तोंडचा घासच काढून घेतला.

नाव मात्र चपखल होतं, हे तिनंही कबूल केलं असतं. तिचं कामच मुळी थांबवण्याचं. टोल्युईन हे पाण्यासारखं दिसणारं, पेट्रोलच्या जातीचं द्रव. त्याला तापवायचं, त्यातून दाबाखाली हवा सोडायची आणि जोडीला योग्य धातूचा कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, चिमूटभर घालायचा, की त्याचं बेंझाल्डिहाइड होतं. कडू बदामाच्या वासाचं, औषधवाले आणि अत्तरवाले ज्याची वाट बघतात ते. पण हवेला कुठं कळतंय तुम्हाला काय हवंय ते! ती पुढं जातच राहते. त्या बदामाच्या वासाच्या द्रवाचं पांढरं आम्ल होतं, ते थंड झालं की नळ्यांत दगडासारखं बसतं, आणि आणखी सोडलं तर सगळ्याचा नुसता धूर. म्हणून शंभर भाग टोल्युईनमधले पंधराच बदलायचे आणि त्या पंधरातले जास्तीत जास्त बदामापाशी, म्हणजे बेंझाल्डिहाइडपाशी, अडवायचे. जाळणं कुणालाही जमतं. अर्ध्यावर अडवायला अक्कल लागते, असं ती नव्या लोकांना शिकवताना म्हणायची, आणि ती अक्कल आपल्याकडे आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिची जी काही सहा वर्षं प्रयोगशाळेत गेली, ती एका कॅटलिस्टपायी. जुना कॅटलिस्ट होता कोबाल्ट आणि ब्रोमाईडचा. काम चोख करायचा, पण ब्रोमाईड म्हणजे घरातलाच चोर. लोखंड खातं, स्टील खातं, जोड पोखरतं. आठ वर्षांपूर्वी ती नुकतीच नोकरीला लागली होती, तेव्हा असाच एक पोखरलेला जोड फुटला आणि कढत आम्ल मामांच्या डाव्या हातावर उडालं. मामा म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ, हा सगळा स्वयंपाक ज्या बंद भांड्यात होतो त्या रिॲक्टरवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. दवाखान्यात ते बँडेज बघून तिला रडू आलं होतं, आणि रडून झाल्यावर असा राग आला होता की बस्स. ब्रोमाईडला या प्लांटमधून हाकलल्याशिवाय राहणार नाही, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं. पुढं कोबाल्टच्या जोडीला थोडं मँगेनीज घालून तिनं बिनब्रोमाईडचा कॅटलिस्ट बसवला. प्रयोगशाळेतल्या दोन लिटरच्या छोट्या रिॲक्टरमध्ये एकशे चाळीस वेळा चालवला. एकदासुद्धा फसला नाही.

आणि आता मोठ्या साहेबांनी तिला मोठा रिॲक्टर दिला होता. चार हजार लिटरचा. एका दिवसासाठी.

“एक दिवस,” साहेब म्हणाले होते. ते बोलायचे कमी, आणि बोललेलं बदलायचे त्याहून कमी. “सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. तीनदा सुरू करून बघा. तिसऱ्यांदा बंद पडला तर रिॲक्टर जुन्या कॅटलिस्टला परत, आणि तुमची फाईल कपाटात. पंधरातले अकरा भाग बदाम निघाला तर ब्रोमाईड बंद. जुना कॅटलिस्ट नऊ देतो.”

“अकरा मिळतील,” ती म्हणाली.

“इतकी खात्री?”

“हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब?”

आदल्या दिवशी दुपारी रिॲक्टर धुवायला काढला. जुन्या बॅचचा एक थेंब जरी राहिला, तरी त्यातलं ब्रोमाईड उद्या आपल्या कॅटलिस्टच्या जिवावर मिरवेल. काम कुणी केलं हे सांगता येणार नाही. म्हणून ती स्वतः जाळीच्या जिन्यावर उभी राहिली आणि खाली उभ्या असलेल्या मामांना सूचना देऊ लागली.

घरी ती मामांना तू म्हणायची. प्लांटमध्ये तुम्ही. हा तिचाच नियम होता, आणि मामा तो हसत चालवून घ्यायचे.

“मामा, टोल्युईननं तीनदा धुवा. तळापर्यंत.”

मामांनी मान वर केली. “अगं, पण तळाशी थोडं...”

“थेंबसुद्धा नको.”

“माझं ऐक तरी. बावीस वर्षं हे पातेलं मी...”

“मामा,” ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, कारण चार ऑपरेटर कान टवकारून ऐकत होते, “पद्धतीच्या पुस्तकात काय लिहिलंय? ‘रिॲक्टर पूर्ण रिकामा करावा.’ आपण दुसरं काय करतोय?”

मामांनी हातमोजे चढवले. मग त्यांनी रिॲक्टर असा धुतला, असा धुतला, की आतून पुसून आणलेलं फडकं त्यांनी तिच्यापुढं धरलं तेव्हा ते नव्या रुमालासारखं पांढरं होतं. चेहरा मात्र काही बरा दिसत नव्हता. थकले असतील, तिला वाटलं. आठ दिवसांनी निवृत्त होणारा माणूस.

त्या दिवशी घरी जेवताना आई म्हणाली, “माझा भाऊ आहे ना तिथं? त्याला विचारून कर काय ते.”

“आई, तो ऑपरेटर आहे. मी केमिस्ट आहे.”

“हो गं बाई,” आई म्हणाली. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

ती हसली आणि दुसरी पोळी घेतली. तिला छान भूक लागली होती.

सकाळी आठला टोल्युईन भरलं, कॅटलिस्ट सोडला, तापमान चढवलं आणि हवा सुरू केली. रिॲक्टरच्या अंगाला जाड काचेची एक छोटी खिडकी होती. आत दिवा लावला की आतलं दिसायचं. कोबाल्ट घातल्या घातल्या द्रव गुलाबी झालं, जसं व्हायला हवं तसं. आता ते हिरवं व्हायला हवं होतं. कोबाल्ट जागा झाला, हवा खायला लागला, की तो गुलाबीचा हिरवा होतो. छोट्या रिॲक्टरमध्ये दहा मिनिटांत व्हायचा.

दहा मिनिटं झाली. गुलाबी. वीस झाली. गुलाबी.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक आकडा होता. बाहेर पडणाऱ्या वायूत किती प्राणवायू उरलाय त्याचा. आत काम चालू असेल तर प्राणवायू आतच खपतो आणि आकडा एकाच्या आसपास लोळत राहतो. नसेल तर हवा जशी आत गेली तशी बाहेर येते आणि आकडा चढतो. पाचाला पोचला की यंत्रणा कुणाला न विचारता हवा तोडते, कारण टोल्युईनची वाफ आणि मोकळा प्राणवायू एका भांड्यात फार वेळ ठेवले तर इमारत जागेवर राहील याची हमी कुणी देत नाही.

दोन. तीन. साडेतीन. “होईल,” ती म्हणाली. चार. “आता होईल बघा.” पाच. भोंगा वाजला, हवा तुटली. पहिली संधी गेली.

ती घाबरली नाही. मोठं भांडं आहे, जाड आहे, तापायला उशीर लागतो. तिनं तापमान पाच अंश वाढवलं, नायट्रोजननं आतली हवा झाडून काढली आणि साडेदहाला पुन्हा सुरू केलं. पावणेअकराला खिडकीत गुलाबी. अकराला गुलाबी. सव्वाअकराला भोंगा. दुसरी संधी गेली.

साहेब खाली आले. त्यांनी खिडकीत डोकावून पाहिलं.

“सुंदर रंग आहे,” ते म्हणाले. “आता एकदाच.”

“माहीत आहे, साहेब.”

“कारण माहीत आहे?”

“तासाभरात सांगते.”

“इतकी खात्री?” त्यांनी आधीचाच प्रश्न विचारला. या वेळी ती काकणाचं काही बोलली नाही. पण मान खाली घातली नाही, हेही खरं. एकशे चाळीस वेळा जे झालं ते खोटं नव्हतं. तिथं काहीतरी होतं जे इथं नव्हतं. एवढंच शोधायचं होतं.

रिॲक्टरच्या मागे पंपांच्या बाजूला एक लोखंडी बाक होता. ती आपली प्रयोगशाळेची वही घेऊन तिथं बसली. पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी मामा येऊन शेजारी बसले. चहाचे दोन कप होते. एक त्यांनी तिच्यापुढं सरकवला. मग खाकरले. मग पुन्हा खाकरले.

“मामा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? बोल की.” ती चुकून तू म्हणून गेली आणि दोघांच्याही ते लक्षात आलं.

“पोरी,” मामा म्हणाले, “पातेलं कधीच रिकामं नसतं.”

“म्हणजे?”

“मी ते कधीच पूर्ण रिकामं करत नाही. बावीस वर्षांत केलेलं नाही. बॅच खाली काढताना तळाशी चाळीस लिटर ठेवतो. त्यावर नवीन भरतो. मग ते पटकन धरतं. एकदा सुरुवातीला पुस्तकाप्रमाणं सगळं काढलं होतं, तर तीन तास नुसतं गुलाबी बघत बसलो होतो, आजच्यासारखं. दही लावताना विरजण लागतं ना? तसं.”

तिचा कप तसाच हातात राहिला.

“आणि नोंदवहीत?”

“नोंदवहीत लिहितो, रिकामा केला. वेळ, सही.” मामांनी आपल्या न वाकणाऱ्या बोटांकडे पाहिलं. “प्रत्येक बॅचला खोटं लिहिलंय मी. काल तुला सांगणार होतो. पण तू चारचौघांत पुस्तक काढलंस. म्हटलं, आठ दिवस राहिलेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणास ठाऊक, तुझा नवा कॅटलिस्ट असेल शहाणा, त्याला नसेल लागत विरजण. चुकलंच माझं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“पण मग माझं तिकडं कसं होतं?” ती एकदम म्हणाली. “मी तर विरजण ठेवत नाही. मी प्रत्येक वेळी सगळं...”

आणि ती थांबली. वहीची पानं भराभर मागं उलटली. पहिल्याच वर्षातलं एक पान, तिचंच नीटनेटकं अक्षर, रिॲक्टरची आकृती. तळाच्या झडपेच्या वर एक छोटा खळगा दाखवलेला. बाजूला लिहिलेलं: ‘येथे वीस मिलिलिटर द्रव अडकून राहते. दुर्लक्ष करावे.’

दोन लिटरमध्ये वीस मिलिलिटर. शंभराला एक. आणि चार हजार लिटरमध्ये चाळीस? शंभराला एक!

तिनं कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की हेल्मेट मागं सरकलं. “दुर्लक्ष करावे! अरे देवा, कुणी लिहिलं हे? मी लिहिलं! सहा वर्षं विरजणावर दही लावत होते आणि मिरवत होते की दूध माझं गुणाचं!” ती हसायला लागली. मामा आधी घाबरले, मग तेही हसले. पंपांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

“पण पहिल्या वेळी?” मामांनी विचारलं. “अगदी पहिल्या वेळी तुझ्या खळग्यात काय होतं?”

“पहिला प्रयोग चार तास अडून बसला होता. मी म्हटलं, भांडं नवीन आहे, हात बसेल.” तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. बॅचमध्ये तयार झालेला बदामच पुढच्या बॅचमधल्या कोबाल्टला जागं करतो. ब्रोमाईड असेल तर ते अडत अडत का होईना, तीन तासांत स्वतः जागं करतं. तिच्याकडे ब्रोमाईड नाही, म्हणून तिच्या कॅटलिस्टला विरजणाची गरज जास्तच. आणि काल तिनंच ते थेंबाथेंबानं पुसून काढायला लावलं होतं.

मामा उठले. पंपाच्या मागे गेले आणि झाकणबंद स्टीलचा एक मोठा डबा दोन्ही हातांनी ओढत घेऊन आले. “कालचं तळातलं. टाकवलं नाही मला. नायट्रोजन भरून ठेवलंय. चाळीस लिटर बरोब्बर.”

तिला त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि तिनं मारली. मग डब्याकडे पाहून तिनं मान हलवली.

“नाही मामा. यात ब्रोमाईड आहे. हे ओतलं तर सुरू होईल, पण साहेब म्हणतील, ब्रोमाईडनं केलं. आणि खरंच म्हणतील.”

“मग?”

“विरजणातलं काम करतं ते दही. ते कुठल्या भांड्यातलं, याला महत्त्व नाही.” ती चालायला लागली होती. “गोदामात ऊर्ध्वपातन केलेलं, शुद्ध बेंझाल्डिहाइड पिंपात भरून ठेवलंय. त्यात ना ब्रोमाईड ना कोबाल्ट, नुसता बदाम. त्यातलं चाळीस लिटर घेऊ.”

मामा तिच्यामागून चालता चालता म्हणाले, “हे मला बावीस वर्षांत नाही सुचलं.”

“आणि तुझं मला सहा वर्षांत. चल.”

गोदामाच्या दारात मामांनी तिचा हात धरला. “एक ऐक. साहेबांना सांग तुला सुचलं म्हणून. खोटं नाही त्यात. माझं नाव नको. आठ दिवस...”

तिनं हात सोडवून घेतला आणि ती साहेबांकडे निघाली.

साहेबांनी तिचं ऐकून घेतलं आणि भुवया वर केल्या. “तयार माल पुन्हा भांड्यात ओतायचा? आपण विकतो ते?”

“चाळीस लिटर.”

“ही तुमची कल्पना?”

“नाही साहेब. माझी चूक होती, कल्पना दुसऱ्या कुणाची आहे. कुणाची ते संध्याकाळी सांगते. चाललं तरी सांगते, फसलं तरी सांगते.”

साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे एकदा पाहिलं. मामा छताकडे बघत होते. “ओता,” साहेब म्हणाले.

पिंपाचं झाकण काढलं तसा बदामाचा वास गोदामभर झाला. हातपंपानं चाळीस लिटर मोजून घेतलं, ते रिॲक्टरमध्ये ढकललं. एक वाजून पाच मिनिटांनी हवा सुरू झाली. खिडकीशी मामा, पडद्याशी ती, आणि तिच्या मागं हाताची घडी घालून साहेब.

एक. दीड. दोन.

“गुलाबी,” मामा खिडकीकडून ओरडले.

अडीच. तीन. सव्वातीन. साडेतीन.

“गुलाबी.”

तीन पूर्णांक आठ. आकडा तिथं घुटमळला. पुन्हा तीन पूर्णांक आठ. मग तीन पूर्णांक सात. ती खुर्चीवरून अर्धी उठली.

“अगं!” मामांचा आवाज आला. “अगं ये इकडं! मळकं झालंय! करडं... हिरवं! हिरवं होतंय! अगं हिरवं झालं गं!”

बावीस वर्षांत असंख्य वेळा हिरवं झालेलं पाहिलेला माणूस असा ओरडत होता, जणू जगात हिरवा रंग आजच आला. ती धावली. खिडकीत गडद, दाट हिरवं द्रव उकळ्या घेत होतं. मागून पडद्याकडून साहेबांचा आवाज आला, “एक पूर्णांक दोन.” प्राणवायू आतच खपत होता. कॅटलिस्ट जेवायला बसला होता.

आता उरलं तिचं खरं काम. दर वीस मिनिटांनी नळीतून नमुना निघायचा आणि कागदवाल्या बाई तो घेऊन पळायच्या. त्या विश्लेषण खोलीतल्या. यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी हातात फडकवत येणं ही त्यांची खासियत, म्हणून ते नाव. नऊ भाग बदलले. अकरा. तेरा. पावणेचारला चौदा.

“छान चाललंय,” साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘छान’ ऐकून कागदवाल्या बाईंच्या हातची पट्टी पडायची राहिली. “इतकं छान चाललंय तर अठरापर्यंत जाऊ द्या की.”

“नाही साहेब.”

“तीन-चार भागांनी काय बिघडतं?”

“तीन-चार भागांनीच बिघडतं. पंधराच्या पुढं जो बदाम होतो, त्याहून जास्त बदामाचं आम्ल होतं. ताट भरल्यासारखं दिसेल, पण जेवण संपलेलं असेल.”

पुढची पट्टी आली. चौदा पूर्णांक सहा. दूध वर आल्यावर गॅस बंद करून चालत नाही, यायच्या बेतात असताना करावा लागतो. हवा तोडल्यावरही आतलं काम मिनिटभर पुढं जातं. तिनं हात वर केला.

“थांबा!”

शब्द पुरा व्हायच्या आत झडप बंद झाली होती. मामांचा हात मघापासून झडपेवरच होता.

कागदवाल्या बाई शेवटचा नमुना घेऊन गेल्या. वीस मिनिटं मामा रुमालानं खिडकीची काच पुसत राहिले, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि बाई धापा टाकत आल्या.

“टोल्युईन बदललं पंधरा पूर्णांक एक,” त्या म्हणाल्या. “आणि बदाम बारा पूर्णांक तीन!”

मामांनी टाळी वाजवली. साहेबांनी तिच्यापुढं हात केला. “अभिनंदन. अकरा मागितले, बारा दिलेत.”

तिनं हात पुढं केला नाही. “थांबा, साहेब.”

“आता काय?”

“बाई, त्यातून एक वजा करा. शंभरातला एक भाग बदाम आपणच ओतलाय. तो कॅटलिस्टनं केलेला नाही.”

कागदवाल्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं भर लग्नात नवरीच्या वयाचा दाखला मागितला. “कुणी विचारलं होतं का मॅडम?”

“त्यातला थोडा जळलाही असेल,” मामा घाईनं म्हणाले. “सगळा कशाला वजा करतेस?”

“सगळा करा. उद्या कुणी म्हणायला नको.”

बाईंनी पट्टीच्या कडेला पेन्सिलनं वजाबाकी केली. शाळेतल्या मुलीलाही तोंडी येईल ती वजाबाकी. पण त्यांनी ती पुन्हा तपासली आणि तोवर बाकीच्या तिघांचा जीव टांगणीला लागला.

“अकरा पूर्णांक तीन.”

साहेबांनी पट्टी घेतली. दोनदा वाचली. घडी करून खिशात ठेवली. “अकरा मागितले होते,” ते म्हणाले. “उद्यापासून ब्रोमाईड बंद.”

तिला वाटलं होतं आपण उड्या मारू. प्रत्यक्षात तिनं मामांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, त्या दोन ताठ बोटांकडे, आणि तिचे डोळे भरून आले. आठ वर्षं लागली होती. मामांना ते कळलं असावं, कारण त्यांनी हात पाठीमागं नेला आणि उगाच म्हणाले, “धूर फार झालाय इथं.” धूर कुठंच नव्हता.

“आता सांगा,” साहेब म्हणाले. “कल्पना कुणाची?”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. आठ दिवस, त्यांचे डोळे म्हणत होते. ती बोलणार, तेवढ्यात त्यांनीच मान हलवली, पुढं झाले आणि टेबलावरची नोंदवही उचलून साहेबांपुढं उघडली.

“माझी,” ते म्हणाले. “ही बघा. ‘रिॲक्टर रिकामा केला.’ ही सही माझी. ही पण माझी. एकदाही रिकामा केलेला नाही. दर वेळी तळाशी चाळीस लिटर ठेवलंय. बावीस वर्षं.”

साहेब पानं उलटत राहिले. कागदवाल्या बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

“बावीस वर्षं खोटं लिहिलंत?”

“लिहिलं.”

“का?”

मामांनी जरा विचार केला. “या वहीत रकाना एकच आहे, साहेब. रिकामा केला, वेळ, सही. थोडं ठेवलं असं लिहायला जागाच नव्हती.”

तिनं टेबलावरची फूटपट्टी आणि पेन उचललं. वही साहेबांच्या हातातून घेतली, विचारलंसुद्धा नाही. आजच्या पानावर शेवटच्या रकान्यापुढं मोकळी कड होती. तिथं तिनं सरळ उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘तळाशी ठेवले, लिटर.’ वही साहेबांपुढं धरली. साहेबांनी ते वाचलं, खिशातून आपलं पेन काढलं आणि त्या नव्या मथळ्याच्या बाजूला छोटी सही करून ते निघून गेले. जिन्यावर त्यांचा आवाज आला, “पद्धतीच्या पुस्तकातही दुरुस्ती करा. कुणाच्या सांगण्यावरून, तेही लिहा.”

हिरवी बॅच थंड झाली होती. मामांनी तळाची झडप उघडली, रिॲक्टर खाली होऊ लागला. शेवटी नळीतला आवाज बदलला तसे ते ओठातल्या ओठात सेकंद मोजू लागले आणि साठाव्या सेकंदाला झडप घट्ट बंद केली. मग टेबलाशी आले, डाव्या हातानं पान दाबून धरलं आणि नव्या रकान्यावर पेन टेकवून थांबले.

“उद्या पुन्हा धुवायला लावशील काय मला?”

“चाळीस लिटर, मामा,” ती म्हणाली. “थेंबसुद्धा कमी नको.”

मामांनी चाळीस लिहिलं आणि खाली सही केली.